टॉवेलाखालचं दुखणं

माझा चुलतभाऊ जोतीराम म्हशींचा दलाल आहे. वडगावच्या बाजारात उभा राहून तो "च्या सांगा रं" म्हणाला की तिकडं इचलकरंजीत पाळी सुटली असं समजून कामगार माग बंद करून डबे उघडायचे. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्यानं सांगितलं तो माझ्यापेक्षा कमी खोटं बोलतो. माझ्या कानांदेखतचं तेवढं सांगतो. राजारामपुरीत एकाच इमारतीत तो तिसऱ्या मजल्यावर आणि मी पहिल्या मजल्यावर राहतो, आणि गेल्या अकरा वर्षांत त्याच्या घरी भाजी कसली झालीय हे मला एकदाही विचारावं लागलेलं नाही.

असल्या माणसाच्या पोरीच्या डोक्याला मार लागला, आणि डॉक्टरांनी औषध म्हणून शांतता लिहून दिली.

पोरगी म्हणजे अंतरा. वय बावीस. दुधाचं शास्त्र शिकलेली. बाप म्हशी विकतो आणि लेक दुधात पाणी किती ते सांगते, असे दोन धंदे एका छपराखाली भांडण न होता कसे नांदले देव जाणे. शहराबाहेरच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली, ऑर्डर हातात आली. हजर व्हायला दहा दिवस होते. बाजारात जोतीराम गिऱ्हाइकाला म्हशीचे दात दाखवायच्या आधी ती ऑर्डर दाखवायचा.

त्या दिवशी ती स्कूटीवरून घरी येत होती. हेल्मेट नव्हतं, कारण आमच्याकडं हेल्मेट घातलेला माणूस दिसला की लोक त्याला पावणा समजून पत्ता सांगायला धावतात. कोपऱ्यावर उदयसिंह नावाच्या भावी नगरसेवकाचा वाढदिवस लावला होता. लावला होता म्हणजे वीस फुटी फ्लेक्स, त्याला लोखंडी चौकट, मधे गॉगल घातलेला उदयसिंह आणि खाली शुभेच्छुक म्हणून छप्पन्न चेहरे. वारं सुटलं, सुतळी तुटली, आणि छप्पन्न शुभेच्छुक एकदम पोरीच्या डोक्यावर आले.

रक्त आलं नाही. टाका पडला नाही. हाड मोडलं नाही. सगळी भानगड तिथंच झाली. माणसाला पाय मोडून प्लास्टर पडलं तर आमचे लोक त्याच्यासाठी रडतील, प्लास्टरवर सही करतील आणि सहा महिने त्याला बसल्या जागी ताट देतील. पण ज्याला बाहेरून काहीच झालेलं दिसत नाही त्याला काही झालंय हे कोल्हापुराला पटवायचं म्हणजे म्हशीला सायकल शिकवायची.

डॉक्टर मधुवंती बाईंनी स्कॅन पाहिलं आणि जोतीरामला समोर बसवून सांगितलं, "आत मेंदूला हिसका बसलाय. ह्याला कन्कशन म्हणतात. फोटोत काही दिसणार नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत बरं होतं. काहींचं महिनोन्महिने रेंगाळतं. उजेड, आवाज, मोबाईल, वाचन, दगदग, सगळं आधी कमी करायचं आणि मग झेपेल तसं हळूहळू वाढवायचं."

"हिचं कुठल्यात बसतंय?" जोतीरामनं विचारलं. "आठवडंवाल्यात का महिनंवाल्यात?"

"ते हिचं डोकं ठरवेल. तुम्ही नाही आणि मीही नाही."

जोतीरामला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. तिसरा माणूस मधे पडल्याशिवाय काही ठरतं, हेच त्याला मान्य नाही.

अंतराचं रेंगाळलं. दुसऱ्या महिन्यात तिला पेपरमधल्या ओळी सरकताना दिसत होत्या. कुकरची शिट्टी झाली की डोळ्यांतून पाणी यायचं. बोलता बोलता साधा शब्द हरवायचा. एकदा झारा मागायला गेली आणि "ते, आई, ते भोकांचं" म्हणून रडत बसली. दोन जिने चढली की तासभर झोपायची. घरातही काळा चष्मा लावायची. तिची आई संयोगिता हिनं कुकर माळ्यावर टाकला आणि आमटीची डाळ पातेल्यात शिजवायला लागली, त्यामुळं त्या घरात दुपारचं जेवण चार वाजता व्हायला लागलं. तिनं दारावरची बेलही काढून ठेवली. मग लोक दार बडवायला लागले.

जोतीरामनंही आपल्या परीनं शांतता राखली. खाली गल्लीत भाजीवाला ओरडला की हा गॅलरीत जाऊन त्याच्या दुप्पट आवाजात "ओरडू नगा" म्हणून ओरडायचा. एकदा तर त्याचं ऐकून समोरच्या क्लासमधल्या मास्तरांनी फळ्यावर अर्धवट गणित सोडून पोरांना सुट्टी दिली, असं म्हणतात.

आणि भेटायला येणारी माणसं. आजऱ्याहून चिमणाबाई आत्या दोन किलो काजू घेऊन आली आणि पलंगाच्या कडेला बसून तिनं तपासणी सुरू केली.

"फोटूत काय आलंय?"

"नॉर्मल हाय," संयोगिता म्हणाली.

"मग दुखतंय काय?"

"फोटूत येत न्हाय ते, आत्या."

"मग फोटू काढला कशाला?" आत्या म्हणाली. "पोरगी तर गरगरीत दिसतीया. आमच्या वेळंला मी माडीवरनं पडलोतो, उठून भात लावाय गेलतो. काजू चाराय लाव तिला. आन त्यो काळा चष्मा काढ की गं बाई, घरात कोन शूटिंग करतंय?"

उदयसिंह पण येऊन गेला. सात कार्यकर्ते, एक फळांची टोपली. वाऱ्याच्या चुकीची जबाबदारी त्यानं मोठ्या मनानं घेतली. मग साती जणांनी मोबाईल काढले आणि त्या अंधाऱ्या खोलीत सात वेळा वीज चमकली. अंतरा दोन दिवस उठली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर, त्याच चौकटीत नवा फ्लेक्स लागला. "कु. अंतरा यांची आपुलकीने विचारपूस करताना." ह्या खेपेला सुतळीच्या जागी तार होती, सुधारणा झाली नाही असं कुणी म्हणू नये.

डेअरीनं तिची हजर व्हायची तारीख एकदा पुढं ढकलली होती. तीन महिने दिले होते. आता पुढच्या महिन्याची एक तारीख, त्यानंतर नाही, असं पत्र आलं. सोबत डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट पाहिजे.

मधुवंती बाई म्हणाल्या, "सर्टिफिकेट मी तारीख बघून देत नसते. एक वही करा. रोज सकाळी अंतराला विचारा, डोकं दहापैकी किती दुखतंय. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. ती सांगेल तो आकडा लिहा. सलग आठ दिवस दोनच्या वर गेला नाही तर मी तपासते आणि मग ठरवू." आणि पुन्हा म्हणाल्या, "ती सांगेल तो."

बाई हुशार. पण त्यांचं सगळं शिक्षण माणसांच्या डोक्यावर झालेलं, दलालांच्या डोक्यावर नाही.

पहिले काही दिवस जोतीराम सकाळी सातला विचारायचा, "अंतरा, आज किती?" आणि त्या विचारण्यानंच चाराचे सहा व्हायचे. शिवाय आकडा सगळ्या गल्लीला कळायचा. मी दूध आणायला खाली उतरलो की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला विचारायचा, "पोरीचं आज किती निघालं?"

"सहा."

"काल पाच हुतं न्हवं? चढलं म्हणायचं." आणि मान हलवून पुढच्या सदऱ्यावर पाणी मारायचा.

चौथ्या का पाचव्या सकाळी अंतरानं तोंड उघडलंच नाही. बापाच्या खांद्यावरचा टॉवेल तिनं ओढला, त्याच्या उजव्या हातावर टाकला, आत आपला हात घातला आणि त्याची बोटं आवळली.

ज्यांनी जनावरांचा बाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं भाव तोंडानं होत नाही. घेणारा आणि दलाल हात धरतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा आवळला की पाच, पंजा आवळून पुन्हा एक बोट म्हणजे सहा, बोटाचं नुसतं टोक दाबलं की अर्धा. भोवती शंभर माणसं उभी असतात, पण किती ठरलं ते दोघांनाच ठाऊक. अंतरा लहानपणी बापाच्या कडेवर बसून बाजारात जायची. अक्षरं शिकायच्या आधी ती ही बोटं शिकली होती.

जोतीरामच्या चेहऱ्यावर त्या दिवशी मी जे पाहिलं ते म्हैस विकताना कधी दिसलं नव्हतं. पोरीनं आपल्याशी आपल्या भाषेत बोलावं, एवढंच झालं होतं. त्याचं तोंड बंद झालं. इमारतीत इतकी शांतता पसरली की दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना आपल्या घरात पाल आहे हे पहिल्यांदा कळलं.

मी रोज सकाळी वर जाऊन खुर्चीत बसायचो. दोघं समोरासमोर, मधे टॉवेल. बघायला गंमत वाटायची. फक्त एक गोष्ट मला खटकली. आकडा सांगायला किती वेळ लागतो? बोटं धरली, सुटली, झालं. पण हा टॉवेल हलतच राहायचा. एकदा वर उठायचा, मग थांबायचा, मग कोपरा फडफडायचा. जोतीरामच्या भुवया बाजारात करतात तसल्या कसरती करायच्या. शेवटी तो हात बाहेर काढायचा आणि वहीत समाधानानं आकडा लिहायचा.

एका दुपारी संयोगिता बाहेर गेली होती आणि जोतीराम बाजाराला. मी अंतराजवळ बसलो होतो.

"बाळ," मी हळू विचारलं, "आज किती हुतं गं?"

"सात."

"वहीत पाच लिहिलंय."

"मी सात धरली. आण्णांनी चार धरली. मी साडेसहावर आले. ते साडेचार म्हणाले. पाचवर मिटलं."

मला हसू फुटलं. हसलो मी, खोटं कशाला सांगू. साठ वर्षं बाजार बघितला, पण दुखण्याची घासाघीस कुणी केलेली ऐकली नव्हती.

"आगं, पन दुखतंय सात न्हवं?"

"व्हय."

"मग पाचवर कशाला आलीस?"

तिनं चष्मा काढला नाही, पण तोंड माझ्याकडं वळवलं. "त्यांचं तोंड बघितलंसा काय आबा, सात म्हटल्यावर? पाच म्हटलं की जेवतात तरी. आणि ते मुद्दाम करत नाहीत. हातावर टॉवेल पडला की त्यांचा हात आपोआप कमी मागतो."

"मग मी सांगतो त्येला."

"नको. एक तारखेला जायचंय मला. माझ्या वर्गातल्या सगळ्या हजर झाल्यात."

म्हणजे बाप भाव पाडत होता आणि लेक पाडू देत होती, कारण दोघांनाही एकच तारीख गाठायची होती. मी तोंड बंद ठेवलं. आयुष्यभर नको तिथं बोललो, आणि बोलायचं तिथं काजू खात बसलो.

शेवटचे पंधरा दिवस पोरीच्या डोक्याचा दर असा उतरला की इस्त्रीवाल्यानं पेढे मागितले. चार, साडेतीन, तीन, अडीच. मग दोन, दोन, दोन, आठ दिवस दोन. असली सरळ उतरती वही मधुवंती बाईंनी पाहिली आणि त्यांना तीच खटकली. "इतकं सरळ कुणाचं उतरत नाही," त्या म्हणाल्या. अंतराला एका पायावर उभं केलं, डोळे मिटून चालायला लावलं, पाच आकडे उलटे म्हणायला लावले. पोरीनं दात आवळून सगळं केलं. विचारलं तर "बरं वाटतं" म्हणाली.

"अर्धा दिवस," बाई शेवटी म्हणाल्या. "पहिले तीन आठवडे फक्त अर्धा दिवस. आणि खोली शांत पाहिजे. कबूल असेल तर सही करते."

"कबूल," जोतीराम म्हणाला.

डेअरीत अधिकारी होते राजवर्धन साहेब. ते म्हणाले, अर्धा दिवस असा प्रकार आमच्याकडं नाही, पूर्ण वेळ येणार असेल तर हजर करून घेतो.

"कबूल," जोतीराम तिथंही म्हणाला.

घेणाऱ्याला सांगायचं म्हैस गरीब आहे, विकणाऱ्याला सांगायचं गिऱ्हाईक गरीब आहे, आणि दोघांचे हात एकमेकांत देऊन आपण बाजूला व्हायचं. तीस वर्षं हेच केलेल्या माणसाला ह्यात आपण काही खोटं बोललो असं वाटलंसुद्धा नाही.

एक तारखेला पोरगी गेली. दोन तारखेला पण गेली, आणि संध्याकाळी न जेवता झोपली. "नवं हाय, दमतीया," जोतीराम म्हणाला.

तीन तारखेला प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्या गरगर फिरवणारं यंत्र सुरू होतं, वर ट्यूबलाइट फडफडत होती, कुणीतरी काचेच्या नळ्यांचा ट्रे आपटला. अंतरानं एका नमुन्याचं फॅट चार पॉइंट दोन होतं ते दोन पॉइंट चार लिहिलं. तिला चूक दाखवली तर दोन्ही आकडे तिला सारखेच दिसत होते. मग तिनं बेसिनपर्यंत जायचा प्रयत्न केला, वाटेतच उलटी झाली, आणि दोन्ही हातांनी कान दाबून ती फरशीवर बसली. उठवायला गेलेल्या बाईला म्हणाली, "मला, मला ते द्या, ते काळं." चष्मा हा शब्द तिला सापडेना.

जोतीराम तेव्हा बाजारात होता. एका शेतकऱ्याचा हात त्याच्या हातात, वर टॉवेल. फोन आला, ऐकला आणि तो निघाला. टॉवेल शेतकऱ्याच्या हातावर तसाच राहिला. तो बिचारा अर्धा तास एकटाच हात पुढं करून उभा होता, असं मागाहून कळलं. इथं मी काही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

मला त्यानं वाटेत गाडीत घेतलं. डेअरीतून अंतराला आणलं ती डोळे मिटून, मागच्या सीटवर आडवी. जोतीराम गाडी अशी चालवत होता की बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं. एकदाही हॉर्न वाजवला नाही. कोल्हापुरात हॉर्न न वाजवता राजारामपुरीपर्यंत आलेली ती पहिली गाडी असावी.

दवाखान्यात मधुवंती बाईंनी तिला तपासलं, पलंगावर झोपवलं, पडदा ओढला आणि बाहेर येऊन सर्टिफिकेटाच्या वेळी ठेवून घेतलेली वही उघडली.

"आठ दिवस दोन होतं. अर्ध्या दिवसाच्या कामानं तिसऱ्या दिवशी असं व्हायला नको."

जोतीराम जमिनीकडं बघत होता. "पुरा दिवस हुतं काम."

बाईंनी वहीचं पान उलटलं.

"आन दोन पन न्हवतं," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढं वाकावं लागलं. जन्मात पहिल्यांदा. "ती सात म्हणायची. मी पाडलं."

"पाडलं म्हणजे?"

त्यानं टॉवेलासाठी खांद्यावर हात नेला. टॉवेल बाजारात राहिला होता. मग त्यानं उघड्या हातानंच दाखवलं. एका हातानं दुसऱ्याचा पंजा आवळून वर दोन बोटं, म्हणजे सात कशी धरली, मग चार कशी, मग पाच. बाई बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांच्याकडं औषध चुकवणारे आले असतील, रिपोर्ट हरवणारे आले असतील. आजार ठोक भावात उतरवून आणणारा बाप हा पहिलाच असणार.

"म्हणजे ह्या वहीत," त्या म्हणाल्या, "तिचं एकही पान नाही. सगळी तुमची आहे."

वही त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. "परत पहिल्यापासून. आधी पूर्ण विश्रांती, मग थोडं चालणं, मग थोडं वाचन. किती दिवस ते विचारू नका."

त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डेअरीत गेलो. राजवर्धन साहेब माणूस वाईट नव्हता. आम्हाला चहा दिला, पोरीची चौकशी केली, मग कागद पुढं ओढला.

"किती दिवस लागतील?"

"म्हाईत न्हाय, सायेब."

"तरी अंदाजे? दोन महिने?"

"डॉक्टरास्नी पन सांगता येत न्हाय."

"असं कसं? मला वर काहीतरी लिहून पाठवावं लागतं." साहेबांनी पेन टेकवलं. "हे बघा, दोन महिने म्हटलं तर वरचे नाही म्हणतील. सहा आठवडे लिहितो. तुम्ही असं करा, तिला पाचव्यात आणा. एखादा आठवडा इकडंतिकडं मी सांभाळून घेतो."

मी जोतीरामकडं पाहिलं. त्याचा उजवा हात आपोआप मांडीवरून उठला होता आणि बोटं पुढं झाली होती. सहा आठवडे म्हणणाऱ्याला आठवर आणायचं काम तो झोपेत करू शकतो. ह्या माणसानं एका शिंगाची म्हैस दोन शिंगांच्या भावात विकलीय, आणि घेणाऱ्यानं वर त्याला जेवायला नेलंय. साहेबांचं काय घेऊन बसलाय.

त्यानं तो हात डाव्या हातानं धरला आणि परत मांडीवर दाबून ठेवला.

"ह्यात भाव हुईत न्हाय, सायेब," तो म्हणाला. "तिचं डोकं ठरवंल तवा ती येईल."

"मग मला जागा ठेवता येणार नाही. यादीत खालचा मुलगा वाट बघतोय."

"व्हय."

"तुम्ही दोन महिने तरी म्हणा. मी प्रयत्न करतो."

"दोन म्हणलं की मी घरात रोज दोनाचंच बगत बसणार," जोतीराम म्हणाला. "आन ती पोरगी माझ्याकडं बगून हुबी ऱ्हाणार. त्या पोराला घ्या तुमी."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. आम्ही चहा संपवून उठलो. चहा गार झाला होता आणि त्यात दूध फार पातळ होतं, एवढं मी नोंदवून ठेवतो.

घरी आलो. अंतराच्या खोलीचे पडदे ओढलेले. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांवर ओली घडी. जोतीराम तिच्यासमोर बसला, मी दाराजवळच्या खुर्चीत. संयोगिता दारात उभी.

"गेली जागा," तो कुजबुजला. त्याची कुजबुज आपल्या साध्या बोलण्याएवढी असते, पण त्यानं मनापासून प्रयत्न केला.

तिनं डोळ्यांवरची घडी हातानं दाबली. मग म्हणाली, "किती दिवस मागितलंसा?"

"मागितलंच न्हाईत."

"ते देत होते?"

"देत हुतं."

 आता ही बापाला बोलणार, असं मला वाटलं. तिचा हक्कच होता. चार वर्षं शिकून मिळवलेली खुर्ची बापानं एका चहात सोडून दिली होती. संयोगितानं पदर तोंडाला लावला.

अंतरानं डोळ्यांवरची घडी काढली. उशाशी पडलेला नॅपकिन उचलला, बापाच्या हातावर टाकला आणि हात आत घातला. पंजा आवळला. मग अजून तीन बोटं.

आठ.

जोतीरामचा हात हलला नाही. नॅपकिन तसाच, सपाट.  ती थांबली. पुन्हा तीच बोटं धरली.

"आण्णा," ती म्हणाली, "आता तुमी."

"काय मी?"

"तुमी चार म्हणायचं."

"न्हाय म्हणत."

"मग पाच?"

"आठ म्हणालीस न्हवं? आठ."

त्यानं संयोगिताकडून नवी कोरी वही घेतली, गुडघ्यावर ठेवली आणि पहिल्या पानावर आठ लिहिलं. लिहिताना आकडा नीट वळला नाही, दुसऱ्यांदा गिरवावा लागला. गिरवलेलं त्यानं तिला दाखवलं. तिनं तो आकडा असा बघितला जसा कुणी आपला हरवलेला कागद बघतं. मग तिच्या नाकातून आवाज आला. रडली का हसली मला अंधारात कळलं नाही, आणि जे कळलं नाही ते मी सांगत नसतो. सहसा.

"दुसरं काय पाहिजे तुला?" त्यानं विचारलं.

एवढ्या महिन्यांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. काजू आणले, फोटो काढले, सल्ले दिले. ती विचार करत बसली, शब्द शोधत होती. आम्ही तिघंही थांबलो, कुणी मधे शब्द सुचवला नाही.

"तो पडदा अजून ओढा," ती शेवटी म्हणाली. "उद्यापासून सकाळी सातला नको, मी उठले की विचारा. आणि ह्या आबांना घालवा. लई जोरात श्वास घेतात."

जोतीरामनं माझ्याकडं पाहिलं. एक शब्दही न बोलता त्यानं मला बोट दाखवलं, दाराकडं. मी चपला हातात घेतल्या आणि दोन मजल्यांचा जिना अनवाणी उतरलो.